सरळ शिवणीची पर्स

"ताई, तुझी ती पर्स एक दिवस देतेस का? ऑफिसात न्यायचीय," धाकटी म्हणाली, आणि कवळीवाल्यांचा चहा कपातून थेट बशीत गेला.

धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. कस्टम्समध्ये होती. परदेशातून येणारी पार्सलं उघडून बघायची, हे तिचं काम. तसं पाहिलं तर हे काम तिच्यासाठी जन्मापासूनच राखून ठेवलेलं होतं. लहानपणी तिने घरातलं घड्याळ उघडून पाहिलं, मग रेडिओ, मग ताईला आलेली पत्रं. भरपूर मार खाल्ला, पण खोड काही गेली नाही. शेवटी सरकारनेच पगार देऊन तिला लोकांची खोकी उघडायला बसवलं, तेव्हा कुठे घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

"पर्स? ऑफिसात? ती कशाला?" कवळीवाल्यांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतत विचारलं.

"अहो भाऊजी, नकली पर्सांनी नुसता उच्छाद मांडलाय! रोज ढीगच्या ढीग. आता खरी कुठली नि खोटी कुठली, कळायला नको? पर्सवाल्या कंपनीने फोटो पाठवलेत. पण फोटोला काय हात लावता येतो, का वास घेता येतो? आणि आख्ख्या ऑफिसात खरी पर्स डोळ्यांनी बघितलेली मी एकटी. ताईची!"

ताईने तोपर्यंत पर्स रिकामी करायला घेतलीसुद्धा. ती शाळेत शिकवायची. आतून खडूचे तुकडे, चष्म्याचं घर, दोन किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या असं काय काय बाहेर आलं.

"अगं, हरवेल-बिरवेल," कवळीवाले म्हणाले. "एवढी महागाची वस्तू."

"सरकारी कामाला उपयोगी पडतेय हो! असं काय करता?" बायको म्हणाली आणि तिने पर्सवरून असा हात फिरवला की कवळीवाल्यांना समोर बघवेना.

कारण पर्स नकली होती. आणि हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, जो या क्षणी गार चहा पीत होता.

त्यांचा धंदाच मुळी खोट्याचा. घराच्या पुढच्या खोलीत बसून ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करायचे. चार वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी ही पर्स परदेशातून मागवली, खऱ्या किमतीच्या दहाव्या हिश्शात. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. 'नक्कल आहे, पण छान आहे की नाही?' असं हसत सांगायचं, हे अगदी ठरलेलं होतं. पण बायकोने खोकं उघडलं, आणि ती मटकन खुर्चीत बसली. "एवढा खर्च? माझ्यासाठी?" म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. आता अशा वेळी कुठला माणूस तोंड उघडेल? त्यांनी उद्यावर टाकलं. त्या उद्याला चार वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी धाकटी पर्स घेऊन परतली, ती उड्या मारतच. "भाऊजी, काय माल आणलाय तुम्ही! साहेब म्हणाले, अस्सल म्हणजे अस्सल. ही शिवण बघा. पट्टीने आखल्यासारखी सरळ. मी सगळी मापं घेतली, फोटो काढले, मोठे करून भिंतीवर लावले. आता जिची शिवण तिरकी, ती पर्स नकली. उचलायची आणि गोदामात टाकायची!"

कवळीवाल्यांना ती शिवण चांगलीच माहीत होती. खरी पर्स हाताने शिवतात, आणि हाताने घातलेला टाका थोडा कलतोच, जसा खऱ्या बत्तिशीत एखादा दात कललेला असतोच. सगळं सरळ रेषेत असलं की ओळखावं, हे मशीनचं काम आहे. म्हणजे आता त्या गोदामात काय चाललं असेल? मेहुणी खऱ्या पर्सा पकडणार आणि खोट्या सोडणार. आणि सांगायचं म्हटलं, तर सांगणार कोणत्या तोंडाने?

ते गप्प बसले. माणूस एकदा गप्प बसायला शिकला की त्याला ते फार सोपं जातं.

पुढे धाकटीचा तर बोलबाला झाला. नकली माल सर्वांत जास्त तिनेच पकडला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताई शाळेत सांगत सुटली, "माझ्या पर्सवरून सरकार शिकतंय!" कवळीवाले कवळ्या घासत राहिले. मग एका रविवारी धाकटी आली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात कंपनीचा माणूस येतोय परदेशातून. पकडलेला माल बघायला. ताई, तेव्हा तुझी पर्स पुन्हा लागेल हं. त्याला मुद्दाम दाखवणार आहे."

त्या दिवशी कवळीवाल्यांना जेवण गेलं नाही. कंपनीचा माणूस! तो तर लांबूनच ओळखेल, आणि ओळखेल ते चारचौघांत, साहेबांसमोर, मेहुणीसमोर. तिथून बातमी घरी पोचायला कितीसा वेळ?

बराच विचार करून त्यांना एकच वाट दिसली. खरी पर्स आणायची आणि गुपचूप बदलायची. कवळ्यांच्या नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी काढले आणि कंपनीच्या परदेशातल्या स्वतःच्या दुकानातून, तोच रंग, तोच आकार, तीच पर्स मागवली. पैसे भरताना आकडा दोनदा वाचला. पण मग एकदम हलकं वाटलं. आता बायकोकडे खरी पर्स असेल, आपण चार वर्षांपूर्वी खरीच दिली होती असं होईल, आणि कुणाला कानोकान कळणार नाही.

पार्सल कुठल्या रस्त्याने येतं, हे मात्र त्या हुशार माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

"भाऊजी, जरा ऑफिसात या," धाकटीचा फोन आला. आवाज बर्फासारखा. "आत्ताच्या आत्ता."

धाकटीचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली. कडेने फोडलेली खोकी, चिकटपट्टीचे गुंडाळे, मध्ये मोठं टेबल. भिंतीवर त्यांच्या बायकोच्या पर्सचे भलेमोठे फोटो, पुढून, मागून, आतून. टेबलावर एक कोरी पर्स होती आणि टेबलाशी त्यांची बायको बसली होती, मांडीवर स्वतःची पर्स घट्ट धरून.

"तुमच्या नावाने आलीय," धाकटी म्हणाली. "नकली आहे. शिवण तिरकी. जप्त केलीय. पण भाऊजी, ते जाऊ दे. मला दुसरंच विचारायचंय."

"ते मी विचारते," बायको म्हणाली. "ही कुणासाठी?"

कवळीवाले पुढे आले. "तुझ्यासाठीच."

"माझ्याकडे आहे."

"दुसरी असावी म्हणून. रंग जरा वेगळा..."

"रंग तोच आहे."

"मग भेट द्यायला," कवळीवाले घाईघाईने म्हणाले. "त्या आपल्या डॉक्टरीणबाई आहेत ना, बरंच काम देतात..." आणि वाक्य संपायच्या आत त्यांना कळलं की आपण स्वतःच्या हाताने खड्डा खणलाय.

"कुठल्या डॉक्टरीणबाई?" दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या.

"त्या कोपऱ्यावरच्या."

"ती केस कापलेली? जिच्याकडे तुम्ही कवळी द्यायला इस्त्रीचा शर्ट घालून जाता?" बायकोचा आवाज चढला आणि चढता चढता मध्येच फुटला. "अहो, खरं सांगा. काय असेल ते सांगा, पण खरं सांगा."

तिने मांडीवरची पर्स आणखी घट्ट धरली. कवळीवाल्यांनी पाहिलं आणि त्यांचा धीरच सुटला. नकली पर्स दिली हे बायकोला कळू नये म्हणून इतकं सगळं केलं, आणि ती आता बसल्या जागी त्याहून भलतंच काहीतरी मानून बसली होती.

"ती नकली आहे," ते म्हणाले.

"ते मी शोधून काढलंच आहे," धाकटी म्हणाली.

"ती टेबलावरची नव्हे गं. ती खरी आहे. तुझ्या ताईच्या मांडीवरची नकली."

बायकोने मांडीवर बघितलं. धाकटीने भिंतीवर बघितलं. मग तिने खाली, मग पुन्हा भिंतीवर, आणि तिचा रंग उतरत गेला.

"म्हणजे भाऊजी, मी ज्या सोडल्या..."

"नकली."

"आणि ज्या पकडल्या..."

"त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या असतील."

"अगं आई गं!" धाकटीने टेबलावरचा फोन ओढला. "पहिली खेप आज तुकडे करायच्या मशीनमध्ये जायचीय! हॅलो, गोदाम? थांबवा! कापू नका काही! काय? का बंद पडलंय?" ती ऐकत राहिली. मग फोन ठेवून खुर्चीत कोसळली. "पहिल्याच पर्सला मशीनचं पातं तुटलं. ते म्हणतायत, मॅडम, या वेळचा माल भलताच चिवट आहे."

एरवी कवळीवाले हसले असते. पण बायकोने मांडीवरची पर्स उघडली होती. ती एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत होती. खडू, चष्मा, किल्ल्या.

"मला सांगितलं असतंत तर मी वापरली नसती का?" ती हळूच म्हणाली. "नकली दिलीत, त्याचं काही नाही. मी काय कुणी राणी आहे? पण पाऊस आला की मी ही पदराखाली घ्यायची. डोकं भिजलं तरी चालेल, पर्स भिजता कामा नये. घरी येऊन आधी हिला पुसायची, मग स्वतःला. मागच्या वर्षी ताप भरला मला. आणि तुम्ही शेजारी उभे राहून बघत होतात. रोज बघत होतात!"

हे असं कवळीवाल्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण फक्त गप्प आहोत.

"चुकलं माझं," ते एवढंच म्हणाले.

"चुकलंच," बायको म्हणाली. मग नाक पुसून उठली. "चल गं. साहेब कुठे बसतात तुझे?"

"ताई, नको. सगळ्यांना कळेल."

"मग कळू दे. लोकांच्या चांगल्या पर्सा कापून टाकणार आहेस का माझ्या अब्रूपायी?"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा तीनदा पुसला. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला कुणी फसवलं? दुकानदाराने?"

कवळीवाले दाराशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"ओळखीचाच माणूस होता," बायको म्हणाली. "विश्वास ठेवला मी."

"तक्रार करायचीय?"

बायकोने मागे वळून नवऱ्याकडे नीट पाहिलं. "नको. त्याचं मी बघते."

पुढचं सगळं धाकटीला निस्तरावं लागलं. भिंतीवरचे फोटो उतरवले, गोदामातली खेप पुन्हा तपासली आणि सोडलेल्या पर्सांच्या मागे बिचारी दारोदार हिंडली. लोक पर्सा द्यायला तयार होईनात. सरकारनेच खरी म्हणून सोडलीय, असं ते तिलाच ऐकवायचे. कंपनीचा माणूस आला, त्याने ताईची जुनी पर्स उलटसुलट करून पाहिली आणि काम फार सुबक आहे, असा शेरा मारला. ते धाकटीने घरी येऊन सांगितलं, पण हसायची हिंमत कुणाची झाली नाही. जुनी पर्स सरकारजमा झाली. नवी, कर भरून, बायकोच्या खांद्यावर आली.

पहिल्याच शनिवारी दोघं बाजारात गेली. बायकोने पालकाची जुडी घेतली, मातीसकट, पाणी गळणारी, आणि पर्सची चेन उघडून आत कोंबली. वर चार लिंबं.

"अगं, अगं! पिशवी आहे ना माझ्याकडे!" कवळीवाल्यांच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"खरी आहे ना?"

"हो, पण..."

"मग टिकेल की."

ती पुढे निघाली. कोपऱ्यावर सर आली. छत्री एकच होती. कवळीवाल्यांनी ती झटकन उघडली आणि बायकोवर धरली. मग पर्सवर थेंब पडतायत असं दिसलं म्हणून छत्री आणखी तिकडे कलली. ते स्वतः बाहेर राहिले. पाणी डोक्यावरून कॉलरमध्ये, कॉलरमधून पाठीवर जायला लागलं.

"भिजताय हो," बायको म्हणाली.

"असू दे. पर्स आधी..."

"असू दे तर असू दे. तुमची चार वर्षं आहेत अजून."

आणि चपलांच्या दुकानासमोर थांबून ती काचेतल्या चपला एकेक करून निवांत बघायला लागली.