येऊ दे, येऊ दे

ट्रिंग.

सकाळपासून घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं, त्यामुळे ती घंटी जरा जास्तच मोठी वाजली. नवरा सोफ्यावर पडून होता, उजवा पाय प्लास्टरमध्ये, उशीवर चढवलेला. घंटी लेकीच्या तीनचाकी सायकलची. "हाका मारून घसा दुखेल तुझा," म्हणून तिने स्वतःच ती काढून बाबांच्या हाती दिली होती.

"काय हवं?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"पाणी. सवडीने आण."

'सवडीने' हा शब्द या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. बायकोने पेला आणून ठेवला, उशी सारखी केली आणि परत गेली. गेले पंधरा दिवस हे असंच चाललं होतं. एकमेकांशी इतकं जपून वागत होते, की त्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

त्याचं झालं असं. गाडी मागे घेताना दिशा दाखवण्यात या नवऱ्याचा हात धरणारा इमारतीत दुसरा कुणी नव्हता. कुणाचीही गाडी मागे सरकू लागली, की हा असेल तसा जिना उतरून तिच्या मागे उभा राही आणि हात हलवत म्हणे, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे... बस." या 'बस'ने आजवर कुणाचं दार वा दिवा फुटू दिला नव्हता. लोक त्याला 'येऊ दे साहेब' म्हणत, आणि त्यालाही ते आवडे.

मग बायकोने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर गाडी घेतली. पहिल्याच रविवारी ती गाडी मागे घ्यायला बसली, लेक मागच्या सीटवर आणि नवरा गाडीच्या मागे. "येऊ दे, येऊ दे" झालं, "अजून येऊ दे"ही झालं. 'बस' मात्र चाक पायावर चढल्यावर आली, आणि तिच्या पाठोपाठ जो शब्द आला त्याचा अर्थ लेक अजून विचारत होती.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर इतरांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावणाऱ्या आपल्याला सहा फुटांचा नवरा दिसू नये, हे तिच्या मनाला फार लागलं. 'चुकलं रे माझं' हे शब्द तेव्हाच ओठांवर आले होते. पण आधी माणसं जमली, मग दवाखाना आला, एक्स-रे आला, आणि संध्याकाळी मामा आले.

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा. वकील. अपघाताचे दावे लढवण्यात त्यांची हयात गेली होती.

"जावईबापू, काळजी करू नका," खुर्ची ओढत ते म्हणाले. "गाडीचा विमा आहे. पायाचा खर्च, बुडालेला पगार, सगळं विमा कंपनीकडून घेऊ. फक्त कागदावर तुम्ही अर्जदार, आणि ही सामनेवाली."

"मी कुणाच्या सामने?" बायकोने विचारलं.

"नवऱ्याच्या. गाडी तुझी ना? मग दावा तुझ्याविरुद्धच. पैसे कंपनी देईल. आता नीट ऐका. पॉलिसीत अट असते, कंपनीला विचारल्याशिवाय गाडीवाल्याने चूक कबूल करायची नाही. तू 'चुकलं' म्हणालीस, की कंपनीने हात वर केलेच म्हणून समज. आणि जावईबापू, तुम्हीही 'माझंच चुकलं' म्हणू नका, तुमचे पैसे कापतील. चूक हा शब्दच घरात काढायचा नाही."

"घरातसुद्धा?"

"भिंतींना कान असतात, आणि शेजाऱ्यांना तोंड. कुणी विचारलं तर एकच वाक्य. 'मला नीट आठवत नाही.' आणि तपासनीस येईल तेव्हा फार प्रेम दाखवू नका, संगनमत वाटेल. फार भांडूही नका. बेताचं वागा."

नवरा-बायकोने माना डोलावल्या. नवऱ्याचा पगार अर्ध्यावर आला होता, गाडीचे हप्ते मात्र पूर्णच होते. सोफ्यामागे बाहुलीला निजवणारी लेकही सगळं ऐकत होती. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी. "दात घासलेस का गं?" असं आईने विचारताच लेक म्हणाली, "मला नीट आठवत नाही." त्यानंतर दोन दिवसांनी तिची सायकल शेजारच्या आजींच्या कुंडीवर गेली आणि कुंडीचे दोन तुकडे झाले.

"आजींना 'चुकलं' म्हण आधी," आई म्हणाली.

"नाही म्हणणार. कुंडीच मधे आली."

"असं बोलतात? चूक झाली की लगेच कबूल करायची, हे कुणी शिकवलंय तुला?"

"तूच. पण मामाआजोबा म्हणाले, 'चुकलं' म्हटलं की पैसे कापतात." मग तिने आईकडे जरा कीव येऊन पाहिलं. "तू पण नाही म्हणालीस बाबांना."

आजी तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या दिवशी बायकोने पोळ्या करपवल्या. नवऱ्याने त्या निमूट खाल्ल्या, वर "छान कुरकुरीत आहेत" म्हणाला. तिला रडूच आलं. हा माणूस एरवी मिठाच्या कणावरून वाद घालणारा.

शेवटी तपासनीस आला. किडकिडीत, सभ्य, दारात बूट काढून आत येणारा. मामा आधीच येऊन भिंतीशी बसले होते. बेताचं वागायचं म्हणून बायकोने चहा दिला आणि साखर विचारली नाही.

"ताई, गाडी किती वेगात होती?"

"मला नीट आठवत नाही."

"आणि साहेब, तुम्ही नेमके कुठे उभे होतात?"

"मला नीट आठवत नाही."

"मलाही," लेक म्हणाली.

तपासनिसाने पेन खाली ठेवलं. "असं करू, मला घडलं तसं करून दाखवा. आठवण आपोआप येते." त्याने कोपऱ्यातली चाकांची खुर्ची ओढली. "ही गाडी. ताई, तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसा. मी साहेबांच्या जागी उभा राहतो. साहेब, तुम्ही पडूनच राहा. तेव्हा जे बोललात ते फक्त बोला."

"मी कुठे बसू?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, लेक आईच्या मांडीवर चढली.

मामांनी घसा खाकरला, पण तोवर बायकोने पायाने फरशी रेटली होती. सोफ्यावर नवऱ्याचा हात आपसूक वर गेला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव आला. "येऊ दे, येऊ दे..." खुर्ची घरंगळली. "अजून येऊ दे..."

तेवढ्यात त्याच्या उशीजवळचा फोन वाजला.

नवऱ्याची मान फोनकडे वळली. कुणाचा आहे ते बघता बघता तोंड आपल्या सवयीने चालूच राहिलं. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

आई आणि लेक दोघींच्या वजनासकट खुर्चीचं चाक तपासनिसाच्या मोज्यातल्या अंगठ्यावर चढलं.

"बस," नवरा म्हणाला.

तपासनीस खाली बसला. बायको खुर्चीतून उडी मारूनच उठली. "अगं आई गं. चुकलं हो, साहेब. माझंच चुकलं. मी मागे वळून बघायला हवं होतं, चुकलंच माझं..." इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, ते थांबेना.

मामांनी कपाळ धरलं.

"अस्संच झालं होतं," लेक समाधानाने म्हणाली. "फोन पण अस्साच वाजला होता."

नवऱ्याने फोन उशीखाली सारला. "साहेब, हिचं काही नाही. चूक माझी. मी 'येऊ दे' म्हणत राहिलो आणि बघत होतो भलतीकडे."

अंगठा चोळणाऱ्या तपासनिसाने वर पाहिलं. "हे कुठल्या अपघाताबद्दल सांगताय? या की त्या?"

"या," मामा घाईने म्हणाले. "याच."

"दोन्ही," नवरा म्हणाला.

तपासनिसाने मोजा सारखा केला. "वकीलसाहेब, इतकी वर्षं घरोघर हिंडतोय. लोकांना आपली चूक सोडून सगळं आठवतं." मग तो भिंत धरून उठला. "खरं तेच लिहीन. थोडी रक्कम कापली जाईल. पण मिळेल."

नवऱ्याची जास्तीची कुबडी घेऊन तो लंगडत निघाला. त्याचे बूट हातात धरून मामा मागोमाग जिना उतरू लागले. त्यांचा दबका आवाज वरपर्यंत आला. "साहेब, अंगठ्याचं एकदा दाखवून घ्या. दावा लावायचा झाला तर माझं कार्ड ठेवा."

घरात तिघंच उरली. बायको खुर्ची कोपऱ्यात नेऊन ठेवत होती, एका खुर्चीला लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ. नवरा घंटीवरून उगाच बोट फिरवत होता, वाजवत नव्हता.

लेकीने आईचा पदर ओढला.

"आई, ते काका आपले कुणीच नाहीत, तरी त्यांना तू लगेच 'चुकलं' म्हणालीस. मग बाबांना का नाही म्हणालीस?"