तुफानच्या अंगावरचं नाव

कोंढ्याच्या स्टँडवर लागलेल्या फ्लेक्सकडे हेमराज चहा गार होईपर्यंत बघत राहिला. फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस होता तो गृहस्थ हात जोडून उभा होता आणि त्याच्या मागून, जणू त्याच्याच आशीर्वादाने, शंकरपटाच्या शर्यतीतले दोन पांढरे बैल धूळ उडवत धावत होते. ते बैल हेमराजने टिपले होते. धुळीत पोटावर झोपून. त्यात एक चांगला शर्ट कायमचा कामातून गेला होता. फोटोखाली मात्र नावं होती शुभेच्छुकांची, आणि त्यातले एक शुभेच्छुक तर गेल्या वर्षीच वारले होते. मेलेल्या माणसाला जागा मिळाली, जिवंत फोटोवाल्याला नाही.

फ्लेक्स छापणारा अंकुश स्टँडसमोर, हेमराजच्या स्टुडिओशेजारीच बसायचा. हेमराज तिथे गेला.

"अंकुश, हा फोटो माहा हाय."

"मंग? कडक हाय ना! म्हनून तं घेतला."

"खाली कोपऱ्यात माहं नाव होतं बे."

"होतं ना. पन तिथं शुभेच्छुक बसवाचे होते. तुह्यं नाव कापलं, पन बैलाच्या शेपटाले हात नाही लावला, पाहून घे." आणि अंकुशने असं बघितलं, जणू शेपटी वाचवल्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

लोकांचा हिशेब असाच असतो. कोणी कोणाची कोंबडी उचलली तर गावात चार माणसं निवाड्याला बसतात. फोटो उचलला तर उचलणारा "शेअर केला" म्हणतो आणि वर उपकार मोजतो.

घरी हेमराजने बायकोला, स्वातीला, सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता निकाल दिला. "तुमी नाव कोपऱ्यात टाकता म्हनून कापते. मधात टाका. कनकेत मीठ पडल्यावर कोनी काढून दाखवावं!"

सल्ला बरोबर होता. फक्त एक अडचण होती. ते बैल, तुफान आणि बुलेट, स्वातीच्या वडिलांचे होते.

भैय्यालाल म्हणजे दहा गावांत नावाजलेला पटशौकीन. पोरींच्या लग्नात त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, पण बुलेटचं शिंग दुखावलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. मोठा जावई फोटो काढून पोट भरतो, हे त्याने अजून मनापासून खरं मानलं नव्हतं. रविवारी सासुरवाडीला गेल्यावर हेमराजने फ्लेक्सचं गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा भैय्यालाल म्हणाला, "जवाईबुवा, बैल माहे. ऊन देवाचं. धूळ रस्त्याची. त्यात तुमचं काय हाय? बटन!"

हेमराजला उत्तर सुचलं होतं. पण सासुरवाडीच्या मटणाच्या रश्श्याने तोंड भरलेलं असताना स्वाभिमानाची बाजू नीट मांडता येत नाही.

पुढच्याच पटात तुफान-बुलेटने पहिला नंबर काढला आणि हेमराजला आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मिळाला. तुफान कॅमेऱ्याच्या बाजूला, अख्खा आडवा, दुधासारखा पांढरा. त्या मोठ्या पांढऱ्या कुशीकडे हेमराजने पाहिलं आणि त्याला कनकेतलं मीठ आठवलं. संगणकावर बसून त्याने तुफानच्या कुशीवर, मधोमध, मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हेमराज, कोंढा." खाली मोबाइल नंबर. अक्षरं बैलाच्या पोटाच्या गोलाईबरोबर वळवली, वर थोडी धूळही आणली. रंग निवडला गेरूचा, पांढऱ्यावर उठून दिसतो म्हणून.

आता पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूने नाव लिहितात ते मालकाचं, फोटोवाल्याचं नाही, एवढं भंडारा जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हेमराजलाही कळत होतं. पण त्या दिवशी त्याला फक्त रंगसंगती दिसत होती.

फोटो संध्याकाळी टाकला आणि सकाळपर्यंत तो गावोगावच्या ग्रुपांवर पोचला. नाव कोणीच कापलं नाही. कापणार कसं? नाव कापायचं तर बैल कापावा लागला असता. हेमराज खुशीत दात घासत होता तेवढ्यात फोन आला.

"हेमराजभाऊ का? मी चिखल्यावरून बोलून राह्यलो. जोडी देता का?"

"जोडी माही नाही हो. मी फोटोवाला."

पलीकडचा माणूस मोकळं हसला. "समजलं, समजलं. माल चांगला असला का मालक असंच म्हनते. मी उद्या फोन करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला आणि बोली वाढवली. हेमराजने पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्याने आणखी वाढवली. खरं बोलण्याने भाव चढतो, हे हेमराजला फोटोग्राफीत कधी अनुभवायला मिळालं नव्हतं. मग कोणी बैलांचा खुराक विचारायला फोन करू लागलं, कोणी दृष्ट काढायचा उपाय सांगायला. भैय्यालालच्या दहा गावांपलीकडच्या एका पटाच्या कमिटीतून सेवकराम नावाच्या गृहस्थाचा फोन आला. "भाऊ, येत्या पटात तुमची जोडी पाह्यजे."

"माही नाही जी, माह्या सासऱ्याची हाय."

"वा! सासऱ्यानं देल्ली? नशीबवान हा तुमी!" म्हणत सेवकरामने फोन ठेवला आणि जोडी हेमराजच्या नावावर मांडून टाकली.

ही बातमी जवाहरनगरला पोचायला वेळ लागला नाही. तिथे फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये भैय्यालालची धाकटी मुलगी तेजस्विनी आणि तिचा नवरा निकेश राहत होते. निकेश शांत माणूस, पण लहान जावयाच्या मनात एक तराजू कायम टांगलेला असतो. त्याने फॅक्टरीच्या बसमध्ये फोटो पाहिला आणि बसमधूनच सासऱ्याला फोन लावला.

"मामाजी, मले काही नोको. पन मोठ्या जवायाले जोडी देल्ली तं निदान सांगाचं तरी होतं."

"कोनं देल्ली? काय देल्लं?"

"सारी बस पाहून राह्यली मामाजी. तुफानच्या अंगावर नाव लिवलं हाय. तुमी कायले लपवता?"

त्याच दिवशी भैय्यालालच्या गावात पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, "काय भैय्यालालजी, जवाई एवढा आवडला का आंदन आता देऊन राह्यले?" लग्नात मुलीला देतात ते आंदण, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, तेही पटाची जोडी! पानठेला हसला. भैय्यालाल पान न खाताच घरी गेला, आणि तेजस्विनीने बहिणीचा फोन उचलणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्यालाल कोंढ्याला आला. खुर्चीवर बसला नाही, चहाला हात लावला नाही. सासरा उभ्यानेच बोलू लागला म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"बापजन्मात माह्या बैलाच्या अंगावर दुसऱ्याचं नाव नाही आलं. तुमचं आनलं तुमी. आता तिथं माहं नाव टाका. नाही तं आजपासून माह्या जोडीपुढं कॅमेरा आनू नोका. माह्याच काय, कोनाच्याच पटात उभे राहू देनार नाही."

हे मात्र हेमराजच्या वर्मी लागलं. लग्नातले फोटो सगळेच काढतात, पण पटातले फोटो हेमराजचे, हे अख्ख्या तालुक्यात मान्य होतं. पट गेला तर त्याच्याकडे उरणार होते पासपोर्ट साइझ आणि बारशातली बाळं.

"मी तुमाले नाव मधात टाका म्हनलं होतं," स्वाती वडील गेल्यावर म्हणाली. "बैलाच्या अंगावर टाका कोनं म्हनलं होतं?"

"मधात बैलच होता ना वो!"

त्या रात्री हेमराजने आपलं नाव पुसलं. "मालक: भैय्यालाल" असं सभ्य अक्षरांत खालच्या कोपऱ्यात टाकलं आणि फोटो पुन्हा सोडला. सासऱ्याला खूश करायला स्वतःचं नाव कुठेच ठेवलं नाही.

लांबच्या गावांच्या ग्रुपांवर गदारोळ झाला. "हा भैय्यालाल कोन बे? हेमराजभाऊच्या जोडीवर आपलं नाव चिकटवून राह्यला!" "असली फोटो पाहा, अंगावर नाव हाय." "फोटोचोर!" एकाने तर खालीच सल्ला दिला: "भैय्यालालजी, दुसऱ्याच्या मेहनतीवर नाव टाकाले लाज वाटत नाही का?"

भैय्यालालने हे वाक्य दोनदा वाचलं. त्याला ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठे ते आठवेना.

सेवकरामच्या पटाच्या दिवशी प्रकरण मैदानात आलं. भैय्यालाल जोडी घेऊन पोचला तर लाउडस्पीकरवर पुकारा चालू होता, "हेमराज कोंढेवाले यांची नामांकित जोडी, तुफान-बुलेट!"

"ही जोडी माही हाय," भैय्यालाल सेवकरामला म्हणाला.

"असंन जी. पन फोटोवर तं हेमराजभाऊचं नाव हाय."

"दुसऱ्या फोटोवर माहं हाय!"

"ते कोपऱ्यात हाय जी," सेवकराम समजुतीने म्हणाला. "कोपऱ्यात तं कोनीबी चिकटवते."

हेमराज गळ्यात कॅमेरा अडकवून, सासऱ्याची नजर चुकवत, मागेच उभा होता. सोबत आलेल्या स्वातीने त्याला पुढे ढकललं. त्याने माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जोडी मामाजीची हाय. माहा फक्त फोटो हाय."

मैदानात कौतुकाची कुजबुज झाली. सासऱ्याचा मान राखायला कसा खोटं बोलतो बिचारा! सेवकराम मात्र कमिटीचा माणूस, त्याला नुसत्या कौतुकाने भागणार नव्हतं. त्याने तोडगा काढला. "बैल खोटं नाही बोलत. दोघंबी समोर उभे राहा. तुफान ज्याच्याकडं जाईन, तो मालक."

भैय्यालालच्या चेहऱ्यावर तजेला आला. त्याने या बैलाला वासरू असल्यापासून हाताने चारलं होतं. तो छाती काढून उभा राहिला आणि त्याने हाक मारली, "तुफाऽन! ये माह्या राजा!"

दोरी सुटली. तुफान भैय्यालालकडे दोन पावलं आला, थांबला, नाक वर करून हवा हुंगली आणि सरळ हेमराजकडे जाऊन त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत तोंड खुपसलं.

"गूळ देतो मी त्याले," हेमराज पुटपुटला. "फोटोले उभा राहावा म्हनून."

मैदान टाळ्यांनी दणाणलं. भैय्यालालची काढलेली छाती आत गेली. आपल्या घरच्या बैलाने, परक्या दहा गावांसमोर, एका गुळाच्या खड्यासाठी! हेमराज तुफानला ढकलत होता, तुफान बॅग सोडत नव्हता, आणि प्रत्येक ढकलण्याने हेमराजचा हक्क अधिकच पक्का होत होता.

शेवटी स्वाती मैदानात उतरली. तिने माइक नवऱ्याच्या हातून घेतला. "हा माहा बाप. हा माहा नवरा. हा माह्या बापाचा बैल, आन् गूळ माह्या घरचा. झालं समाधान?"

सेवकरामचं झालं. घरच्या बाईने चारचौघांत सांगितलेलं कोणती कमिटी नाकारणार? जोडीचं नाव बदललं, पट झाला आणि तुफान-बुलेटचा दुसरा नंबर आला. तुफानच्या पोटात गूळ होता, दुसरं काय.

परत निघताना भैय्यालालने जोडी गाडीत चढवली. मग एकदम म्हणाला, "जवाईबुवा, तुमी रोज असंच सोसता का? चीज आपली, न् लोक म्हनते तू कोन?"

"हो जी," हेमराज म्हणाला. "पन माह्यासाठी कोनी पट नाही भरवत."

दुसऱ्या दिवशी भैय्यालालने अंगणात खरोखरीचा गेरू कालवला. तुफानच्या कुशीवर, मधोमध, हाताएवढ्या अक्षरांत स्वतःचं नाव रंगवलं. मागे सरून बघितलं. मग ब्रश हेमराजकडे देत म्हणाला, "मागच्या पायापाशी जागा हाय. तिथं लिवा तुमचं. 'फोटो' असं आधी लिवजा मातर."

निकेश आणि तेजस्विनीलाही बोलावलं होतं. बुलेटचा कासरा धरून फोटोत उभं राहायचा मान निकेशला मिळाला आणि त्याच्या मनातला तराजू बरोबरीत आला. बहिणी तासभर आत बोलत बसल्या. हेमराजने फोटो काढला आणि संगणकाला हात न लावता तसाच सोडला.

महिन्याभराने स्टँडवर नवा फ्लेक्स लागला. नवा वाढदिवस, तेच शुभेच्छुक, त्यातले वारलेले गृहस्थही. मागे तुफान. आणि अंकुशने संगणकावर अशी काही करामत केली होती, की तुफानची कूस धुतल्यासारखी पांढरीशुभ्र दिसत होती. एकही अक्षर नव्हतं.

हेमराज चहा घेत होता. समोर एक मोटारसायकल करकचून थांबली. भैय्यालाल उतरला, फ्लेक्सकडे बघितलं आणि थेट अंकुशच्या दुकानात घुसला.

"नाव कुठं हाय बे?"

"तुमचं का मामाजी? बैल साफ दिसला पाह्यजे म्हनून..."

"माहं जाऊ दे! फोटोवाल्याचं कुठं हाय?"

"त्याचं काय मामाजी," अंकुश हसला, "तो तं बटनच दाबते."

"बटन?" भैय्यालालचा आवाज स्टँडच्या पलीकडे गेला. "धुळीत पोटावर झोपते तो मानूस! शर्ट फाटते त्याचे! गूळ घरून आनते! तू दाबून दाखव बे बटन, तुफानच्या पायापुढं झोपून! चाल, आत्ता चाल!"

हेमराजने तिकडे बघितलं नाही. त्याने चहा संपवला. आज तो गरम होता.