शून्य धुराचा ट्रॅक्टर

धूर हा मानवी प्रगतीचा जन्मदाता आहे, आणि प्रगती वयात आली की जन्मदात्याला घराबाहेर काढण्याची पद्धत आहे. इतर शहरांत हे काम आरडाओरडा करून होते. पुण्यात ते नियमाने होते.

ज्या वर्षांत हिंजवडीच्या उसात काचेच्या इमारती उगवू लागल्या आणि घरटी निदान एक मुलगा अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे जेवू लागला, त्याच वर्षांत पुण्याची हवा बिघडल्याचे सगळ्यांच्या एकदम लक्षात आले. लगेच पाहणी झाली. (म्हणजे संबंधित साहेबांनी मोटारीच्या बंद काचेतून बाहेर पाहिले.) धुराची कारणे पुढील क्रमाने आढळली: जुने ट्रॅक्टर, अतिजुने ट्रॅक्टर, शेकोट्या आणि संकीर्ण. शहरातल्या सगळ्या मोटारी, स्कूटरी आणि कंपन्यांच्या बसगाड्या ‘संकीर्ण’मध्ये बसवण्यात आल्या. तिथे फार दाटी झाली, पण कोणी तक्रार केल्याची नोंद नाही.

मग नियम आला. जुना डिझेल ट्रॅक्टर विकत घेऊन नावावर करायचा असेल तर त्याच्या धुराची परीक्षा झाली पाहिजे. परीक्षेचे केंद्र एकच, तेही स्वारगेटजवळ. आणि परीक्षा पास न झालेला ट्रॅक्टर शहराच्या हद्दीत आणायला सक्त मनाई. या नियमाचे सौंदर्य सावकाश न्याहाळावे. पास होण्यासाठी आत यायचे, आणि आत येण्यासाठी पास व्हायचे. इतके गोल वर्तुळ कंपासपेटीतल्या कंपासनेसुद्धा निघत नाही, पेन्सिल हलतेच.

शालनताईंनी तो नियम वाचला आणि खरे सांगायचे तर त्यांना तो आवडला. त्या एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या. असे नियम त्यांनी जन्मभर स्वच्छ अक्षरात उतरवून काढले होते. त्यातला एखादा आपल्यालाच लागू होईल, एवढे मात्र कधी त्यांच्या डोक्यात आले नव्हते.

ट्रॅक्टरची गरज काही हौसेपोटी निर्माण झालेली नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी लोणी काळभोरला दीड एकर जमीन घेतली होती. बिबवेवाडीतून बसने जायचे, शेत बघायचे, बसने यायचे. आसपास भाड्याने नांगरणी करणारा ट्रॅक्टर एकच, हिंदुरावांचा. हिंदुराव कोणाला नाही म्हणत नसत. त्यांची एक यादी होती आणि तिच्यात शालनताईंचे शेत शेवटचे होते. वास्तविक ते रस्त्याला लागून, म्हणजे सगळ्यात पहिले. पण यादी भूगोलाची नव्हती. कशाची होती, ते गावात सगळ्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच कोणी विचारत नसे.

“ध्यानात हाय बाई तुमचं. ह्यो एवढा तुकडा उरकला की तुमचंच,” हिंदुराव दरवर्षी म्हणत आणि शब्दाला जागत. सगळ्या गावाचे तुकडे उरकले की येतच. तोवर वाफसा गेलेला असे. वाफसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन नांगर आत घ्यायला राजी असते ती जराशी वेळ, चिखल आणि दगड यांच्या मधली. ती टळली की नुसती ढेकळे निघतात. ढेकळांत पीक कसे येते याचा शालनताईंनी प्रत्यक्ष अभ्यास केला होता. (येत नाही.)

म्हणून यंदा स्वतःचा ट्रॅक्टर, आणि तोही वळवाचा पाऊस पडायच्या आत, असे त्यांनी ठरवले. चालवायलाही शिकल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, या वयात? शालनताई म्हणाल्या, “या वयाच्या आधी मला ऑफिस होतं.”

फुरसुंगीला श्रीनिवास नावाचे गृहस्थ जुने ट्रॅक्टर विकत. त्यांना ‘जुने’ हा शब्द मनाला लागे.

“ताई, सेकंडहॅण्ड नका म्हणू हो. अनुभवी म्हणा.”

शालनताईंनी एक लाल अनुभवी ट्रॅक्टर निवडला. सुरू होताना तो एकदाच काळे खोकायचा आणि मग मुकाट्याने कामाला लागायचा. त्यांच्या ऑफिसात सगळे बरोबर याच्या उलट होते, त्यामुळे ट्रॅक्टर त्यांच्या मनात भरला. व्यवहार झाला. राहिली परीक्षा.

हा पेच त्यांनी भाच्यापुढे मांडला. भाचा प्रज्ञेश हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर होता, म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते.

“आत्या, चिल. ह्याला डेडलॉक म्हणतात. आमच्याकडे रोज होतो.”

“मग तुम्ही काय करता?”

“क्लायंटला सांगतो की हे असंच असायला हवं होतं.”

“आणि मी कोणाला सांगू?”

प्रज्ञेशने विचार केला. ट्रॅक्टर शहरात चालत येऊ शकत नाही, पण बसून येऊ शकतो. त्याने ट्रक ठरवला. ट्रक त्या ट्रॅक्टरच्या वडिलांच्या वयाचा होता आणि सोलापूर रस्त्याने येताना त्याने असा काही धूर सोडला की मागच्या गाड्यांनी भरदुपारी दिवे लावले. हडपसरला पोलिसाने अडवले. धूर कोणाचा, याची चौकशी झाली. ट्रकचा आहे आणि ट्रकजवळ प्रमाणपत्र आहे, हे कळताच पोलिसाने खोकत खोकत जाऊ दिले. प्रमाणित धुराला अडवायचा कोणाला अधिकार नाही.

परीक्षा केंद्रावर वैजनाथ नावाचे निरीक्षक होते. त्यांच्या डोक्यावर पाटी होती: ‘यंत्र जे सांगेल तेच खरे. यंत्राशी वाद घालावयाचा असल्यास यंत्राशीच घालावा. आवारात धूम्रपान करू नये.’ पाटीच्या खाली डिझेलचा जनरेटर धडधडत होता आणि आवारभर काळे ढग सोडत होता. वार गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार. यंत्राला वीज लागते, विजेला जनरेटर लागतो, एवढे कोणालाही समजेल.

वैजनाथांनी यंत्राची नळी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये घातली. आकडा झरझर वर चढला आणि टोकाला जाऊन थरथरत उभा राहिला.

“नापास,” वैजनाथ म्हणाले.

“अहो साहेब, ट्रॅक्टर अजून सुरूच केलेला नाही,” शालनताई म्हणाल्या.

“बंद असताना एवढा. सुरू केल्यावर काय करील, आपणच विचार करा.”

“हा धूर तुमच्या जनरेटरचा आहे.”

“परीक्षेला कोण आलंय? जनरेटर की ट्रॅक्टर?”

“पण जनरेटरची परीक्षा कोण घेतं?”

“यंत्र.”

“मग घ्या की.”

“परीक्षा घ्यायची तर जनरेटर आधी बंद करून नळी लावावी लागते. बंद केला की यंत्र बंद.” वैजनाथांनी चष्म्यावरची काजळी रुमालाने पुसली. “आपण नोकरी केलेली दिसते. आपल्याला पटेल.”

शालनताईंना पटले. त्यांच्या दृष्टीने त्या दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच होती.

“पुन्हा कधी आणू?”

“जुलैत.”

“तोवर वाफसा जाईल हो.”

“त्याला थांबायचं असेल तर अर्ज करायला सांगा.”

आता नापास ट्रॅक्टर शहरात उभा करता येत नव्हता. शेतावर नेला तर बेकायदा ठरणार होता. श्रीनिवासांना फोन केला तर ते म्हणाले, अनुभव परत घेतला जात नाही. तेव्हा प्रज्ञेशने दुसरी तोड काढली. त्याच्या कंपनीचे आवार खाजगी होते. तिथे ट्रॅक्टर तात्पुरता ठेवावा, तोवर काहीतरी मार्ग निघेल. (तात्पुरता हा शब्द पुण्यात फार टिकाऊ समजला जातो.)

कंपनीच्या फाटकावर आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद संगणकावर व्हायची. वस्तूचा प्रकार लिहायची सोय नव्हती. समोर येणाऱ्या प्रकारांतून एक निवडायचा. प्रकार होते: लॅपटॉप, फर्निचर, खाद्यपदार्थ, शोभेच्या वस्तू. ही सोय प्रज्ञेशच्याच टीमने केली होती आणि तिच्याबद्दल त्यांना केकही मिळाला होता. प्रज्ञेशने ट्रॅक्टरकडे पाहिले. तो लॅपटॉप नव्हता. फर्निचर म्हणावे तर बसायला एकच जागा. त्याने ‘शोभेच्या वस्तू’वर बोट ठेवले आणि फाटक उघडले.

शोभेची वस्तू आवारात आली की संगणक आपोआप पूर्णिमा मॅडमना कळवत असे. कर्मचाऱ्यांना ऑफिसात प्रसन्न वाटते आहे की नाही, हे पाहणे हे त्यांचे काम. मॅडम खाली आल्या, ट्रॅक्टर पाहिला आणि आधी त्याचा फोटो काढला.

“इतकं ऑथेंटिक! ही जागा पूर्वी शेतच होती ना? अगदी मातीशी कनेक्ट होतं.”

संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर स्वागतकक्षात होता. लाल रंग आक्रमक वाटतो म्हणून त्याला हिरवा दिला. टाकीतले डिझेल काढले, कारण वास. चाकांची माती धुतली, आणि ती पुरेशी नव्हती म्हणून दुकानातून आणलेली स्वच्छ माती लावली. शेजारी यंत्र आणून धूरही मोजला. आकडा जागचा हलला नाही. पुणे परिसरातला हा सर्वांत स्वच्छ ट्रॅक्टर असल्याचे जाहीर झाले आणि काचेवर पाटी लागली: ‘शून्य धूर’.

प्रज्ञेशने तीन वेळा विनंती अर्ज टाकला. उत्तर एकच आले: ट्रॅक्टर बाहेर नेण्यासाठी तो ट्रॅक्टर म्हणून आत आलेला असणे आवश्यक आहे.

जूनच्या सुरुवातीला वळीव झाला. पाऊस थांबला, ऊन पडले. शालनताई शेतावर गेल्या, मूठभर माती दाबून पाहिली. मूठ उघडल्यावर माती हातात अलगद फुटली. वाफसा आला होता. हिंदुराव बांधापलीकडच्या रानात नांगरत होते आणि त्यांच्या ट्रॅक्टरचा धूर पार थेऊरपर्यंत दिसत होता. तो ट्रॅक्टर त्यांनी कधी विकला नव्हता, म्हणून त्याची परीक्षाही कधी झाली नव्हती. न विकलेल्या ट्रॅक्टरला धूर नसतो, असे नियमाचे म्हणणे आहे.

“ध्यानात हाय बाई!” हिंदुराव तिथूनच ओरडले.

त्याच दिवशी कंपनीत पर्यावरण दिन होता आणि शून्य धुराच्या शेतीबद्दल शालनताईंचा सत्कार होता. त्या शेतावरून थेट तिथे गेल्या, चपलांना माती तशीच. (ती पाहून काही जणांनी ‘वॉव’ म्हटले.) पूर्णिमा मॅडमनी त्यांना शाल दिली, श्रीफळ दिले, एक रोपटे दिले आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

शालनताईंनी माईक हातात घेतला.

“जय भीम. शाल छान आहे. पण आज माझ्या रानाला वाफसा आहे. उद्या असेल, परवा नसेल. मला किल्ली द्या, मी चालवत घेऊन जाते.”

 सगळे सभागृह उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पूर्णिमा मॅडमनी डोळे टिपले. “किती रॉ, ना?” त्या शेजारच्या साहेबांना म्हणाल्या. किल्ली सुरक्षेच्या कारणास्तव काढून ठेवली होती. कोणाकडे, ते विचारायला हवे होते, आणि विचारायचे कोणाला, हे ठरवायला एक समिती नेमायची होती.

परवा वाफसा गेला. त्यानंतर हिंदुराव आले.

ट्रॅक्टर आजही तिथेच आहे. पाहुण्यांना मोफत बघता येतो. फोटोसाठी जेवणाच्या सुट्टीत रांग लागते, बसून एक, स्टिअरिंग धरून एक, आणि कपाळावरचा नसलेला घाम पुसताना एक. तुमचा तिसरा फोटो फार छान आला आहे, सगळ्यांनी तसे कळवलेही आहे. फोटोत मागे सुती साडीतल्या एक बाई येत होत्या, हातात अर्ज घेऊन उभ्या. पण त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितले की त्या होतात, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. तुम्हीच नाही का सांगितलेत?