विषय : डोळे मिटण्याच्या सक्तीबाबत

माझा समोरचा शेजारी बाबलो मेस्त दिवसातून अनेकदा संपूर्ण वाड्याला डोळे मिटायला लावतो. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत असून त्याच्या पुष्ट्यर्थ साक्षीदार हजर करण्यास तयार आहे. अडचण एवढीच, की घटनेच्या वेळी सर्व साक्षीदारांचे डोळे मिटलेले असतात.

मेस्त म्हणजे आमच्या डिचोली भागात कारागीर. बाबलोने उमेदीची वर्षे खाणीच्या वर्कशॉपात डंपरच्या हौद्यांना जाडजूड ठिगळे जोडण्यात घालवली. खाण बंद पडली, तेव्हा त्याने घराच्या पडवीत टिग वेल्डिंगचा संच मांडला. एका बाजूला आर्गॉन वायूचा उभा सिलिंडर, पायाखाली शिवणयंत्राला असते तसे पेडल, हातात पेन्सिलीसारख्या टोकाची टॉर्च. जाड लोखंडाशी त्याने संबंध तोडला तो कायमचा. आता तो केवळ पातळ पत्र्याचे काम करतो : पावाचे ट्रे, देव्हाऱ्याची छपरे, टपालपेट्या, चुलीवरची धुराडी.

पातळ पत्र्याला सलग सांधा घातला, तर तो तापून पापडासारखा वाकडा होतो. म्हणून बाबलो ठिपक्याठिपक्याने जोडतो. दोन पत्रे एकमेकांवर घट्ट दाबायचे, टॉर्चचे टोक अगदी जवळ न्यायचे आणि पेडल क्षणभर दाबून सोडायचे. ‘चट्ट’ असा आवाज होतो आणि मसुरीच्या डाळीएवढा चकचकीत ठिपका उरतो. क्षण लांबला, तर ठिपक्याच्या जागी भोक. येथवर माझी काही हरकत नाही.

हरकत पुढे आहे. त्या क्षणभरात जो निळापांढरा उजेड पडतो, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना बाधतो, अशी बाबलोची पक्की खात्री आहे. त्यामुळे प्रत्येक ठिपक्यापूर्वी तो काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढतो आणि आतून गर्जना करतो, “दोळे!”

एवढेच. ‘कृपया’ नाही, ‘विनंती’ नाही. आणि आमचा वाडा मुकाट्याने डोळे मिटतो. विहिरीवरच्या बायका मिटतात, बसची वाट पाहणारे मिटतात, पंचायतीच्या नळाची गळती तपासायला आलेला माणूस पाना हातात धरून मिटतो. एके सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने चालत्या सायकलवर डोळे मिटले आणि तो टोपलीसकट गटारात गेला. मी धावत गेलो. गुडघाभर पाण्यात, पावांच्या मधोमध बसलेला तो इसम डोळे गच्च मिटून विचारत होता, “उगडूं?”

बरे, सवय अशी जडली आहे, की वेल्डिंग चालू असण्याचीही गरज उरलेली नाही. कुठेही काही चमकले, की बाबलोच्या तोंडून शब्द सुटतो. देवळात आरतीच्या वेळी भटजींनी ताटात कापूर पेटवला आणि बाबलो ओरडला, “दोळे!” भटजींसह सर्वांनी डोळे मिटले. कारापूरहून आलेल्या पाहुण्यांना ही आमच्या देवळाची जुनी परंपरा वाटली. पुढल्या वर्षी त्यांनी ती आपल्याकडे सुरू केल्याचे कळते. माझ्या पुतणीच्या लग्नात फोटोग्राफरने फ्लॅशची चाचणी घेतली, तेव्हाही तेच. वधू, वर, दोन्हीकडचे आईवडील, करवल्या, सगळे त्या छायाचित्रात डोळे मिटून उभे आहेत. एकच इसम डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे रोखून पाहत आहे. तो मी.

कारण प्रश्न उजेडाचा नसून अधिकाराचा होता. मी मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आहे. माझ्या स्वतःच्या सोप्यावर, माझ्या स्वतःच्या खुर्चीत बसून मी डोळे कधी मिटावेत, हे एक खाजगी इसम ओरडून ठरवू शकतो काय? मी कुंपणापाशी जाऊन त्याला थेट विचारले.

“बाबलो, कोणत्या कलमान्वये तू मला डोळे मिटायला सांगतोस?”

त्याने मुखवटा वर केला आणि खरोखर विचार केला. “कलम म्हाका खबर ना, काका. पण उजेड कलम विचारून येना न्ही.”

“मी मिटणार नाही.”

“मग तोंड तरी फिरवा. तळ्याच्या वाटेकडे पळया. थंय बगळे बसतात.”

“मी बगळे पाहणार नाही. मी येथेच पाहणार.”

आणि मी पाहिले. निषेध म्हणून सबंध दिवस मी प्रत्येक ठिपका उघड्या डोळ्यांनी पाहिला. सायंकाळी माझ्या डोळ्यांत कोणीतरी वाळूची पाटी ओतल्यासारखे झाले. पत्नीने बटाट्याच्या गार चकत्या माझ्या पापण्यांवर ठेवल्या. त्या अवस्थेत पडूनच मी तिला पंचायतीस द्यावयाचा अर्ज सांगितला.

“लिही. सदर इसमाच्या कृत्यामुळे अर्जदारास गंभीर नेत्रपीडा झाली असून…”

“अहो, तो सांगत होता तेव्हा मिटले असते तर?”

“हे लिहू नकोस.”

“मी लिहीत नाही. विचारतेय.”

दुसऱ्या दिवशी बाबलो दारात. हातात स्टीलच्या पातळ पत्र्याचा, ठिपक्याठिपक्याने जोडलेला चष्मा. दोन्ही बाजूंनी झाकलेला, काळ्या काचांचा, कानांमागे कडा गुळगुळीत घासलेल्या. “काका, हो घाला आनी दिसभर पळया. म्हाका कितेंच ना.” वाद न्यायप्रविष्ट होण्याच्या मार्गावर असताना प्रतिपक्षाकडून वस्तू स्वीकारणे मला मान्य नव्हते. मी तो चष्मा पेटीत बांधून रजिस्टर टपालाने समोरच्या घरी परत पाठवला. पोचपावती आली ती बाबलोच्या बायकोच्या अंगठ्याची. आता शांतावयनी देवळात पोथी वाचत असत, हे मी स्वतः ऐकलेले आहे. साक्षर व्यक्तीचा अंगठा मी कसा ग्राह्य धरावा? मी टपाल खात्याकडे खुलासा मागितला. पुन्हा मागितला. उत्तर आले नाही.

वयनी अलीकडे फारशा दिसत नसत. दिसल्या तर बाबलोचा हात धरून देवळात जाताना. या वयात भर रस्त्यात हात धरून चालणे मला प्रदर्शनाचा प्रकार वाटे. परंतु तो माझ्या तक्रारीचा विषय नव्हता.

अखेर माझ्या अर्जावर स्थळपाहणी लागली. पंचायतीचा कारकून वही उघडून पडवीसमोर उभा राहिला. आतून आवाज आला, “दोळे!” कारकुनाने डोळे मिटले. पाहणी अहवालात त्याने प्रामाणिकपणे नोंदवले : ‘काही दिसून आले नाही.’ मी त्या अहवालावर हरकत घेतली, हरकतीवर स्मरणपत्र दिले, स्मरणपत्राची प्रत वरच्या कार्यालयास दिली. शेवटी, मला कंटाळून असो किंवा न्यायबुद्धीने असो, आदेश निघाला. बाबलो मेस्त याने पडवीला जाड पडदा लावावा, जेणेकरून उजेड बाहेर येणार नाही. आणि पडदा लागल्यानंतर ओरडण्याचे प्रयोजनच उरत नसल्याने ओरडणे बंद करावे. ओरडणे चालूच राहिल्यास पडवीतील काम थांबवण्यात येईल.

बाबलोने दोनच दिवसांत खाणीच्या ट्रकवरची जाड ताडपत्री लावली. ठिणगीएवढाही उजेड बाहेर येईना. मी सोप्यावर खुर्ची टाकून, पाय पसरून बसलो. आयुष्यात प्रथमच एका अर्जाचा पूर्ण निकाल माझ्या बाजूने लागला होता.

“दोळे!”

ताडपत्रीच्या आतून. त्याच पट्टीत.

त्याहून वाईट म्हणजे विहिरीवरच्या बायकांनी डोळे मिटले. पोदेराने सायकल थांबवून, पाय टेकून, व्यवस्थित मिटले. बाहेर भर दुपारचे ऊन होते, पाहण्यासारखे काहीही नव्हते आणि वाडा आंधळ्या शिस्तीत उभा होता. आदेशाचा इतका उघड अवमान मी नोकरीतही पाहिला नव्हता. मी आदेशाची प्रत घेतली. ती बाबलोला समक्ष वाचून दाखवायची, ऐकल्याची कबुली घ्यायची आणि तडक काम थांबवण्याचा अर्ज करायचा, असा माझा निर्णय झाला. ताडपत्री बाजूला सारून मी आत गेलो.

बाबलो बाकड्यावर वाकला होता. शेजारी पाटावर शांतावयनी बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे, पदर कपाळावरून पुढे ओढलेला. त्यांच्या हातात लांब लाकडी काठी होती. तिच्या टोकाने त्या वरचा पत्रा खालच्यावर दाबून धरत होत्या. सरकवण्याआधी बोटांनी कड चाचपत आणि “बसलो” म्हणत, म्हणजे पत्रा बसला.

“कोण? काका?” त्यांनी विचारले. “बसा हांगां.” आणि त्यांनी स्टूल दाखवण्यासाठी हात केला. स्टूल तेथे नव्हते. ते माझ्यामागे होते. वयनींनी जेथे हात केला, तेथे सिलिंडर होता.

पोचपावतीवरील अंगठ्याचा खुलासा मला त्या क्षणी, अर्ज न करता मिळाला.

मी बाबलोला खुणेने ताडपत्रीबाहेर बोलावले. माझा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “कधीपासून?”

“दिसप उणें जायत गेलें, काका. गेल्या पावसाळ्यापसून कितेंच ना.” त्याने मुखवटा काढून काखेत धरला. “सुरवातीक मी दोळे धांपूंक सांगत नासलों. ती पत्रो धरून बसताली, उजेड सगळो तोंडार. सांजेक म्हणताली, दोळ्यांत रेंव गेली. मी म्हणतालों, उदक मार.”

रेंव म्हणजे वाळू. त्या वाळूची मला व्यक्तिशः माहिती होती.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“साखर. डॉक्टर म्हणालो, साखरेन गेले, तुज्या उजेडान न्हय. दोनदां म्हणालो.” बाबलो विहिरीकडे पाहत राहिला. “डॉक्टराक साखर दिसली, काका. उजेड तेणें पळोवंकूच ना.”

“मग आता तिला दिसतच नाही, तर मिटायला कशाला सांगतोस?”

“सांगपाचें बंद केल्यार तिका कळतलें न्ही.”

“काय कळेल?”

“मी आशा सोडली म्हणून.” त्याने कपाळ पुसले. “आनी एकट्या तिकाच सांगल्यार तिका राग येता. म्हणता, म्हाका कितें ल्हान भुरगें समजतां? म्हणून सगळ्यांक सांगतां. सगळ्यांनी दोळे धांपले, की तीय धांपता.”

“वाड्यात कोणाकोणाला हे ठाऊक आहे?”

“सगळ्यांक,” बाबलो म्हणाला आणि संकोचून पुढे म्हणाला, “तुमी कामांत आशिल्लात.”

रस्त्यापलीकडे माझी पत्नी सोप्याच्या कठड्यापाशी उभी होती. ती आमच्याकडेच पाहत होती. हिलाही ठाऊक होते, हे तिच्या उभे राहण्यावरूनच मला दिसले. सबंध अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि प्रश्न मात्र एकच विचारला होता.

“पत्रो थंड जाता,” आतून वयनींचा आवाज आला. “भायर कसली गजाल चल्ल्या?”

आम्ही आत गेलो. माझ्या हातातला कागद सळसळला असावा, कारण वयनींनी मान वळवली. “काका कागद घेऊन आयल्यात. पंचायतीचो न्ही? वाचा तर खरो. आमकां कळूं दी, कितें बरयलां तें.”

बाबलोने माझ्याकडे पाहिले. त्याने मुखवटा घातला आणि तो बाकड्यावर वाकला. आदेश माझ्याच अर्जावर निघालेला होता, सहीशिक्क्याचा होता, आणि तो वाचून दाखवण्याचा मला पूर्ण अधिकार होता. मी घसा साफ केला.

बाबलोच्या हातातल्या टॉर्चचे टोक पत्र्याशी आले. पण आरोळी येईना. तो थांबला होता. माझ्यासाठी थांबला होता. वयनींची काठी पत्र्यावर दाबलेली होती, आणि त्या कान देऊन बसल्या होत्या.

“अरे, ओरड ना,” मी म्हणालो.

“दोळे!”

वयनींनी डोळे मिटले. लहान मुले मिटतात तसे, भुवया आवळून, खरे खरे. ताडपत्रीबाहेर सायकलची घंटा थांबली.

“काका,” वयनींनी विचारले, “तुमी धांपले?”

“मिटले, वयनी.”

खरोखर मिटले होते. चट्ट आवाज झाला. मिटलेल्या पापण्यांवरून काहीतरी तांबूस सरकून गेले.

“बरें. आतां कागद वाचा.”

“डोळे मिटलेले आहेत, वयनी,” मी म्हणालो. “वाचू कसा?”