के. एन. प्रवीणकुमार, इयत्ता सहावी

"आठ दिवस! आठच दिवस द्या मला. नवव्या दिवशी ही पोर वर्गात बसलेली नसली, तर मी ताराबाई हे नाव लावणार नाही!"

ताराबाईंनी हे म्हटलं आणि रेमिंग्टन टाइपरायटरचा दांडा असा खाडकन ओढला की झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेल्या सीतारामरावांच्या हातचा कॉफीचा टंबलर हिंदकळला.

"हळू गे," सीतारामराव म्हणाले. "नावाची शपथ कशाला? दुसरं काहीतरी पणाला लाव. तो मोडका पंखा लाव."

"तुम्ही गप्प बसा!"

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत ताराबाईंचं टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होतं. पाच यंत्रं, दोन बाकं, आणि तीस वर्षांत कागदात एकही चूक नाही, अशी कीर्ती. ही कीर्ती ताराबाईंनी स्वतःच पसरवली होती, पण खोटी नव्हती. त्यांचा दोष एकच होता, राग. रागात टाइप करायला बसल्या की बोटं यंत्रावर अशी आदळत की प्रत्येक 'ओ' कागद फाडून आरपार जाई. चांगलाच राग असला तर कागद म्हणजे पीठ चाळायची चाळण!

आणि सन चौऱ्याण्णवच्या त्या नोव्हेंबरात राग भरपूर होता. त्यांच्या भाचीचं, वाणीचं, लग्न सोलापुरात झालेलं. जावई गिरणीत मेकॅनिक. देशात नवे वारे वाहू लागले, परदेशी टीव्ही आले, रंगीत डबे आले, आणि सोलापूरची गिरणी मात्र बंद पडली. बिचारा जावई बायको-पोरीला घेऊन तंजावुरात आला आणि एका एसटीडी बूथमध्ये मीटरकडे बघत बसू लागला. पोरगी अकरा वर्षांची. नाव नित्या. सहावीत होती, सत्र अर्धं उलटलेलं, तमिळ कळे पण लिहिता येईना. त्यात आल्या आल्या कांजिण्या झाल्या, पुन्नैनल्लूरच्या मारीअम्मन देवीला केसांचा नवस बोलला, आणि पोरीचं डोकं तुळतुळीत झालं.

तीन शाळांनी तिला परत पाठवली. पहिली म्हणाली, तमिळ येत नाही. दुसरी म्हणाली, जूनमध्ये या. तिसरीने दाखला हातात घेतला, सरळ धरला, उलटा धरला आणि म्हणाली, "ही कुठली लिपी? आम्हाला वाचता येईल असं काहीतरी आणा!"

तीस नोव्हेंबरला पटाची वही बंद होणार होती. त्याआधी नाव लागलं नाही तर वर्ष बुडालं. जावई हळूच म्हणाला होता, "मग सोलापूरला आक्काकडे पाठवून देऊ. तिथं शाळेत तरी घेतील." तो एवढंच बोलला, पण त्या दिवसापासून नित्या अर्ध्या ताटावरून उठू लागली. दिवसभर ताराबाईंच्या तीन नंबरच्या यंत्रापाशी बसून ए-एस-डी-एफ, ए-एस-डी-एफ करत राही. कुणी नको म्हणून पाठवून देणार असलं की माणूस जसं कमी जागा घेऊन बसतं, तशी बसे.

ताराबाईंना ते बघवत नव्हतं. न बघवलेल्या गोष्टीचाही त्यांना रागच येई.

"दाखला आण इकडे! मराठी वाचणारं अस्क्या तंजावुरात कोणी नाही काय? मी हिंदीची परीक्षा पास आहे, लिपी तीच! इंग्रजीत भाषांतर करून टाकते, बघू कोण नाही म्हणतं!"

"अस्क्या म्हणजे?" नित्याने विचारलं.

"अस्क्या म्हणजे अस्क्या! सगळ्या! मराठी येत नाही काय गे तुला?"

नित्या हसली. इथे आल्यापासून ती दोनदाच हसली होती. पहिल्यांदा, ताराबाईआजीने "अंबट वाढू का?" विचारलं आणि ताटात चक्क आमटी पडली तेव्हा.

आता तुम्हाला एक सांगते, ताराबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. चूक इथे झाली.

सोलापूरच्या दाखल्यावर तिकडच्या रीतीप्रमाणे लिहिलं होतं: क्षीरसागर नित्या प्रवीणकुमार. आधी आडनाव, मग पोरीचं नाव, मग बापाचं. आमच्याकडे तमिळनाडूत आडनाव कुणाला असतं? बापाच्या नावाचं पहिलं अक्षर शेंडीसारखं पुढे, आणि शेवटी येईल ते माणसाचं नाव. ताराबाईंची बोटं तीस वर्षं हेच करत आलेली. डोळ्यांनी वाचलं नित्या, पण डोक्यात तिसऱ्या शाळेचा कारकून नाचत होता, आणि बोटांनी आपल्या सवयीने शेवटचं नाव ठेवलं, बाकीच्यांच्या शेंड्या केल्या. कागदावर उमटलं: के. एन. प्रवीणकुमार. बापाचं नाव म्हणून ताराबाईंना ते खटकायला हवं होतं ना? पण वाणी नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि ताराबाई त्याला पहिल्या दिवसापासून "माप्पिळ्ळै", म्हणजे जावईबापू, म्हणत आलेल्या. जावयाला दुसरं नाव असतं हे त्या विसरूनही गेल्या असतील.

नित्याने मात्र कागद पाहिला. इंग्रजी अक्षरं तिला येत होती.

"आजी, इथं बाबांचं..."

"गप्प बैस गे! ताराबाईच्या कागदात बोट घालतेस?"

दुसऱ्या दिवशी दोघी मुलींच्या हायस्कुलात गेल्या. कारकून राममूर्ती कपाळाला विभूती आणि कानाला पेन लावून बसले होते. त्यांनी कागद वाचला, बोडक्या डोक्याच्या नित्याकडे अर्धा क्षण पाहिलं आणि म्हणाले, "अम्मा, मुलग्यांना इथे जागा नाही."

ताराबाईंना वाटलं, हा डोक्यावरून बोलतोय!

"काय म्हणालात? केस नाहीत म्हणून मुलगा? मारीअम्मनला वाहिलेत केस! तुमच्या घरी कुणी वाहिले नाहीत?"

"अम्मा, वाहिले असतील. पण मुलगा तो मुलगाच."

"हा परकर दिसत नाही तुम्हाला?"

राममूर्तींनी परकर पाहिला. मग कागद पाहिला. तीस वर्षांच्या नोकरीत परकर आणि कागद यांच्यात कागदच खरा निघाला होता.

"मी काय करू? कागदावर असं आहे."

"कागद माझा आहे! कागदाला काही बोलायचं नाही!"

"आजी," नित्या पदर ओढत म्हणाली, "त्या कागदावर बाबांचं..."

"थांब गे! मोठी माणसं भांडतायत ना!"

आवाज ऐकून मुख्याध्यापिका राजलक्ष्मी दारात आल्या. त्यांच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि चेहऱ्यावर त्या उत्तरपत्रिकांमध्ये जे होतं त्याचं दुःख होतं. राममूर्तींनी कानात काही सांगितलं. त्या वर न बघताच म्हणाल्या, "मुलग्यांच्या हायस्कुलात सहावीला जागा आहेत, अम्मा. तिकडे जा." आणि दार लागलं.

ताराबाई घरी पोचल्या तेव्हा रेमिंग्टन त्यांना बघूनच थरथरलं असावं. "शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार!" त्या गरजल्या. दीड पान अर्ज झाला. देवीला केस वाहिलेल्या लेकराला केसांवरून प्रवेश नाकारला! वर्षाच्या मध्ये आलेल्या लेकराला शाळा नसते काय? गिरणी बंद पडते ती जून महिना बघून पडते काय? मागे तोच भाषांतराचा कागद टाचून दिला. अर्जातून पलीकडचा झोपाळा दिसत होता.

सीतारामरावांनी त्या भोकांतून एका डोळ्याने पाहिलं. "बेष झालाय. फक्त पोरीचं नाव कुठे दिसत नाही."

"मागच्या कागदावर आहे!"

शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत दोघी तीन दिवस बाकावर बसल्या. पहिल्या दिवशी साहेब कॅम्पवर होते, दुसऱ्या दिवशी मीटिंगला. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण शिपाई जेवायला गेला होता, आणि शिपायाशिवाय कागद आत जात नाही. ताराबाईंनी सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं सुनावलं, "नाटकाची तिकिटं असती तर मिळाली असती एवढ्यात! लेकरू शाळा मागतंय, मुन्सिपाल्टीचं अध्यक्षपद नाही मागत!" नित्या बाकाच्या कडेला हवेत बोटं हलवत ए-एस-डी-एफ करत होती.

चौथ्या दिवशी कागद आत गेला. साहेब मनाने भले निघाले. त्यांनी अर्ज वाचला, मागचा कागद वाचला, आणि त्यांना वाटलं, बिचारी म्हातारी चुकून मुलींच्या शाळेत गेली आणि आता रागावली आहे! त्यांनी तिथल्या तिथे वर्षाच्या मध्ये प्रवेश देण्याची खास परवानगी लिहिली, सही ठोकली, लखोटा बंद केला. पोरीला आत बोलवायचं कारणच पडलं नाही.

ताराबाई तो लखोटा हातात उंच धरून बाहेर आल्या. उघडायचा कशाला? "जिंकलो गे!" म्हणाल्या. मध्ये शनिवार-रविवार आला, सोमवारी स्थानिक सुट्टी, मंगळवारी राजलक्ष्मी रजेवर. बुधवारी, म्हणजे अकराव्या दिवशी, लखोटा त्यांच्या टेबलावर आदळला. आठ दिवसांच्या शपथेचं नाव तोपर्यंत कुणी काढत नव्हतं. सीतारामरावांनी एकदा काढलं होतं, पण त्यांना त्या दिवशी कॉफी मिळाली नव्हती.

राजलक्ष्मींनी लखोटा उघडला. "अम्मा, हा मुलग्यांच्या हायस्कूलच्या नावे आहे."

मग ताराबाईंचं जे सुटलं, ते बाहेर सायकल स्टँडपर्यंत ऐकू गेलं.

"म्हणजे साहेबही तुम्हाला सामील! अकरा दिवस ही पोर तुमच्या दारांत उभी आहे! तुम्ही कागद बघता, कारकून कागद बघतो, साहेब कागद बघतात! एकाने, एकाने तरी तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, बाळ, तुझं नाव काय? उद्या हिला आईपासून तोडून सोलापूरला पाठवतील, तेव्हा कागदालाच डबा बांधून द्या!"

राजलक्ष्मींनी चष्मा काढला. खुर्ची मागे सरकवली, टेबलाला वळसा घालून नित्यासमोर आल्या आणि वाकून तमिळमध्ये तेच विचारलं, "उन् पेर् एन्न, कण्णा?"

नित्याने आजीकडे पाहिलं. आजी या वेळी गप्प होती.

"नित्या," ती म्हणाली. आणि मग, अकरा दिवस घशात अडकलेलं सगळं मोडक्या तमिळमध्ये एका दमात बाहेर आलं, "प्रवीणकुमार माझे अप्पा. मी आजीला तीनदा सांगितलं."

खरं तर दोनदाच सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं होतं, एवढंच.

राजलक्ष्मींनी भाषांतराचा कागद उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला. सोलापूरमधल्या 'ओ'मधून ऊन आलं, स्कूलमधल्या दोन्ही 'ओ'मधून आलं, आणि टेबलावर उजेडाचे टिपके पडले. सगळ्या जिल्ह्यात असे 'ओ' एकाच यंत्राचे होते.

"हा टाइप कुणी केला, अम्मा?"

ताराबाईंनी टिपक्यांकडे पाहिलं. राममूर्तींकडे पाहिलं. त्यांनी कानावरचं पेन काढून उगाचच पुन्हा लावलं. राग अजून गळ्यापर्यंत भरलेला होता, पण काढायला समोर माणूस उरला नव्हता. आणि स्वतःवर काढायची त्यांना सवय नव्हती.

"मी," त्या म्हणाल्या. हा शब्द इतका बारीक आला की नित्याने दचकून वर पाहिलं.

"परवानगी लेकराला मिळालीय," राजलक्ष्मी म्हणाल्या. "शाळेचं नि लेकराचं नाव मी साहेबांकडून दुरुस्त करून घेते. तुम्ही फक्त लिहून द्या, की चूक टाइप करणाऱ्याची. पालक म्हणूनही तुमचीच सही चालेल. आणि ती आत्ता वर्गात जाऊन बसू दे. मराठीत पाढे येतात ना? पाढ्यांचं उत्तर सगळीकडे तेच येतं." मग त्या थांबून म्हणाल्या, "विचारायला हवं होतं, अम्मा. माझंही चुकलं."

ताराबाईंना याचाही थोडा राग आला. समोरच्याने चूक कबूल केली की भांडणाची मजाच जाते.

संध्याकाळी कबुलीजबाब टाइप करायची वेळ आली, तेव्हा ताराबाईंची बोटं यंत्रावर बसेनात. "माझ्याने नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "तू कर गे. मी सांगते."

तीन नंबरच्या यंत्रावर नित्या बसली. त्या दिवशी ती पुरं ताट जेवली होती. एकेक अक्षर शोधत, जीभ बाहेर काढून, तिने सगळं टाइप केलं. एकाही 'ओ'ला भोक नाही!

"खाली आजीचं नाव काय घालू?"

"पूर्ण घाल! तुमच्या सोलापूरच्या रीतीने घाल, एक अक्षरही तोडू नकोस! त्या इनिशियलचं तोंड बघायचं नाही मला!"

"मग आडनाव?"

"आम्हाला कुठलं आडनाव? तंजावूरकर घाल!"

नित्याने घातलं. अगदी सांगितलं तसं, अगदी शुद्ध: तंजावूरकर ताराबाई सीतारामराव.

पुढच्या आठवड्यात शाळेतून टपाल आलं. राममूर्तींच्या सुंदर अक्षरात, श्रीयुतच्या जागी तमिळ 'तिरु' लावून, पत्ता होता: तिरु टी. टी. सीतारामराव, पालक, पी. नित्या, सहावी 'ब'. शनिवारी पालकांच्या सभेला आपण स्वतः उपस्थित राहावे.

ताराबाईंनी पत्र दोनदा वाचलं. खुर्चीचा पाय करकरला. "यात माझं नाव कुठे आहे?"

सीतारामराव झोपाळ्यावरून उठले, कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला आणि खांद्यावर झटकला.

"अकराव्या दिवशी बसली ना गे पोर वर्गात?" ते म्हणाले. "तूच बोलली होतीस, नाव लावणार नाही म्हणून. शाळेने ऐकलं असेल."