ओट्यावरची दोन चाकं

सायकलच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये, हे मी आधीच सांगून ठेवतो! वर्ध्यात सायकली पुष्कळांकडे आहेत, पण सायकल कळते ती मला. माझ्याकडे एकवीस गिअरची सायकल आहे, तिच्या रंगाला साजेसं हेल्मेट आहे आणि नट खोलायचे बत्तीस पाने असलेली निळी पेटी आहे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सायकलप्रवासाच्या सुखावर बोलायला लागलो, की लोक डबे आवरून उठून जातात. इतका तो विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे! सकाळचा रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी, टपरीवरचा चहा आणि आपल्याच पायांनी कापलेलं अंतर! आता प्रत्यक्षात मी सेलूपर्यंतच गेलो आहे आणि येताना सायकल टेम्पोत होती, पण तो वाऱ्याचा दोष.

घोळ सुरू झाला तो माझ्या नव्हे, सुधाच्या सायकलीवरून. सुधा माझी बायको, माहेर आंजीचं. ती दहावी पास झाली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला काळी लेडीज सायकल घेऊन दिली आणि चाकांच्या आऱ्यांत हिरवे मणी स्वतःच्या हाताने बसवले. त्याच सायकलीवर ती आणि आपापल्या सायकलींवर ज्योत्स्ना आणि जया, अशा तिघी मैत्रिणी आंजीहून वर्ध्याला कॉलेजात यायच्या. लग्नानंतर सायकल सुधासोबत आमच्या घरी आली आणि जिन्याखाली उभी राहिली. वडील गेले तेव्हा सुधाने ती एकदा नीट पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

यंदा तिघींनी ठरवलं, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्याच जुन्या सायकलींवर वर्ध्याहून आंजीला जायचं! पोळा आदल्या दिवशी होऊन गेलेला, पुरणाचा रगाडा संपलेला, शाळा-ऑफिसांना सुट्टी. बाकी दोघींच्या सायकली चालत्या होत्या. सुधाची मात्र तीस वर्षांत हललेली नव्हती.

"गुलाबभाऊच्या दुकानात टाकून या," सुधा म्हणाली. "दोन दिवसांत करून देते तो."

"घरात मी असताना गुलाब?"

"तुमी घरात हाय म्हणूनच सांगून राह्यली! माह्या बाबांची सायकल हाय ते. तिले काही झालं तर मले चालणार नाई."

"अगं, पूर्ण खोलून, धुऊन, ग्रीस भरून देतो! कंपनीतून आल्यासारखी!"

सुधा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा होकार धरायचा, असं मी लग्नापासून धरत आलो आहे. चूक तिथूनच आहे.

पहिले दोन दिवस डावं पेडल काढण्यात गेले. पाना लावून फिरवलं, निघेना. पान्याला पाईप जोडून फिरवलं, निघेना. शेवटी मी पाईपवर उभा राहिलो! शेजारचे बाबाराव कुंपणावरून बघत होते. ते निवृत्त एसटी कंडक्टर आणि आमच्या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष.

"अच्युतभाऊ, डाव्या पेडलचे आटे उलटे असतेत म्हणे. तुमी कसून राह्यले का खोलून राह्यले?"

दोन दिवस मी पेडल कसत होतो! पण हे बाबारावांसमोर कबूल कसं करायचं? म्हणून "आधी कसून मग खोलायचं असतं" असं सांगितलं. ते मान हलवत आत गेले.

तिसऱ्या दिवशी दोन्ही चाकांचे हब खोलले. आतले छर्रे वाटीत काढले, रॉकेलने धुतले, ग्रीस भरलं, छर्रे परत बसवले, नट आवळले. चाकं अशी फिरायला लागली की मला माझाच अभिमान वाटला! वाटीत नऊ छर्रे उरले होते.

"हे कायचे?" सुधाने विचारलं.

"जास्तीचे आहेत."

"बाबांनी जास्तीचे घेतले होते?"

"कंपनीच देते. हरवले तर असावेत म्हणून."

नऊ छर्रे मी पॅन्टच्या खिशात टाकले.

इथे मंडळाची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून मिरवतात. कॉलनीचा नंदी चांगला म्हशीएवढा आहे, आणि ज्या गाड्यावर तो उभा राहतो त्याची पुढची चाकं गेल्या वर्षी मोडली होती. मी मंडळाचा सचिव. त्यामुळे बुधवारी मीच ग्रुपवर सूचना टाकली : 'नंदीच्या गाड्यासाठी जुने, बिनकामाचे सामान द्यायचे असल्यास रविवारी सकाळी आपापल्या ओट्यावर ठेवावे. कार्यकर्ते येऊन घेऊन जातील. बेल वाजवून विचारत बसणार नाहीत.' शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं. कारभार कसा रोखठोक हवा!

रविवारी सकाळी मी सुधाची दोन्ही चाकं धुऊन उन्हात वाळायला ठेवली. कुठे? ओट्यावर!

अंघोळ करून आलो तर ओटा रिकामा.

आता तुम्ही म्हणाल, याला तेव्हाच कसं कळलं नाही? नाही कळलं! तीन दिवस ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडालेल्या माणसाला स्वतःची सूचना आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच आलं : भंगारवाला! मी चप्पल घातली आणि पळालो. शहरातली भंगाराची तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने माझ्यासमोर चाळीस चाकं आणून टाकली आणि म्हणाला, "घ्या साहेब, यातलं तुमचं कोणतं, ते तुमीच पाहा." हिरवे मणी एकातही नव्हते. मी तिथेच एका फुटक्या कूलरवर बसलो. मला रडायला येत होतं, खरंच सांगतो.

घरी सुधा दारातच उभी. "चाकं कुठं हाय?"

"आऊट काढायला दिली, फिरताना जरा डगमगत होती. गुलाबकडे."

"मंग शेवटी गुलाबभाऊच लागला ना!" असं म्हणून ती हसली. ती किती दिवसांनी अशी हसली होती! आणि मी पाय लावून गुलाबकडे पळालो.

गुलाबचं दुकान आर्वी रोडला आहे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मी खोटं नाई बोलत भाऊ. वहिनी आल्या तर चूप राहीन. पण मले चूप राहता येत नाई, हे ध्यानात ठेवा."

मग मी दुसरा उपाय केला. ग्रुपवर लिहिलं : 'कॉलनीत चोर फिरत आहेत. ओट्यावरील वस्तू चोरीस गेली आहे. सर्वांनी सावध राहावे. सचिव.' वस्तू कोणती, ते लिहिलं नाही. सुधाही त्याच ग्रुपमध्ये आहे! बाबारावांचं लगेच उत्तर आलं : 'काळजी नसावी. नंदीचा पक्का बंदोबस्त करतो.' नंदीचं मला काय होतं? मी बाजारात जुनी चाकं शोधत फिरत होतो. त्या मापाची चाकं आता मिळत नाहीत, हे मला सहा दुकानदारांनी सहा वेळा सांगितलं. रोज सुधा विचारायची, "आऊट निघाला का?" आणि रोज मी म्हणायचो, "निघतोय." एवढा आऊट ट्रकच्या चाकालाही नसतो!

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी चौकात मंडप पडला. नंदीवर पिवळं कापड होतं. पूजेचा मान यंदा सुधाला दिला होता, कारण ती सचिवाची बायको. बाबारावांनी माईकवर 'एक, दोन, तीन' म्हणून कापड ओढलं. टाळ्या! नंदी झकास रंगवला होता, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. सुधाने नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं, मग वाकून गाड्याच्या चाकाला लावायला गेली.

तिचा हात तिथेच थांबला.

आऱ्यांत हिरवे मणी होते.

मी तीन माणसांच्या मागे लपलो, पण त्यातली दोन बुटकी होती.

"हे चाक माह्यं हाय," सुधा म्हणाली.

"तुमचंच हाय वहिनी!" बाबाराव माईकवर गरजले. "अच्युतभाऊचं दान हाय! रविवारी सकाळी सकाळी ओट्यावर आणून ठेवलं! लोक एक चाक द्यायले कुरकुर करतेत, यानं दोन्ही दिले! आन् वरून ग्रीस भरून! वाजवा टाळ्या!"

सगळी कॉलनी टाळ्या वाजवायला लागली. आणि मी काय करावं? मी हात जोडले! सवय हो, दुसरं काय! टाळ्या ऐकल्या की माझे हात आपोआप जोडले जातात. सुधाने ते पाहिलं. तिने पूजा पुरी केली, ताट बाबारावांच्या बायकोच्या हातात दिलं आणि घरी निघून गेली.

मी बाबारावांचा हात धरला. "चाकं काढून द्या! चुकून गेली! उद्या सकाळी सुधाला लागतात!"

"आता कशी निघतीन भाऊ? चाकाचे आस गाड्याच्या लोखंडाले वेल्डिंग मारले ना!"

"वेल्डिंग? कशाला?"

"तुमीच तर लिहिलं, चोर फिरून राह्यले म्हणून!"

घरी सुधा जिन्याखाली उभी होती. समोर बिनचाकाची सायकल भिंतीला टेकलेली.

"आऊट काढायले दिले होते ना?" ती म्हणाली. "काल दुकानात गेली तर गुलाबभाऊ तोंड मिटून बसला होता, तवाच मले समजाले पाहिजे होतं. तो माणूस चूप राहतच नाई."

"सुधा, मी सांगणार होतो..."

"मले काही मोठं नवतं पाहिजे. बाबांच्या सायकलीवर बाबांच्या गावाले एकदा जायचं होतं. एवढंच होतं."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सहाला फाटकाशी घंट्या वाजल्या. ज्योत्स्ना आणि जया आल्या होत्या, दोघींच्या सायकली त्यांच्याइतक्याच उत्साही. गल्लीच्या टोकाने मारबतीची मोठी पुतळी मिरवत चालली होती. घरातली इडापिडा, रोगराई, खोकला सगळं घेऊन जा, असं त्या दिवशी तिला ओरडून सांगायचं असतं. सुधाने दारातून ओरडून सांगितलं, "घेऊन जाय गे मारबत! आमच्या घरातले पाने घेऊन जाय!" मैत्रिणी हसल्या. सुधा नाही हसली. तिने मला न विचारता माझी एकवीस गिअरची सायकल बाहेर काढली.

"काव सुधे, तुयी सायकल?" जयाने विचारलं.

"ते नंदीले दिली."

"अगं, गिअर टाकताना आधी डावीकडचा..." मी सुरू केलं. तिघी वळणापलीकडे गेल्या होत्या.

नऊला नंदीची मिरवणूक निघाली. सचिव म्हणून मला पुढे चालणं भाग होतं. ढोल वाजत होते, बाबाराव घोषणा देत होते. नंदी आमच्या घरासमोर आला आणि खालून कडकड असा आवाज झाला. डावं चाक कललं, दुमडलं आणि नंदी पुढे झुकत गेला तो थेट माझ्या ओट्याला शिंगं टेकवून थांबला! दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

बाबाराव खाली वाकले, हबमध्ये बोट घालून पाहिलं. "अच्युतभाऊ, यात छर्रे किती टाकले होते तुमी?"

उत्तर माझ्या खिशात होतं. पूर्ण नऊ.

दुपारी सुधा परतली. ऊन लागून चेहरा लाल झालेला, पदराला धूळ. ओट्यावर वाकडं चाक पडलं होतं. काय झालं ते मी सांगितलं आणि वर म्हणालो, "बघ, हे तुझ्याखाली मोडलं असतं तर? म्हणजे एका अर्थी मी तुला वाचवलंच!"

हे बोलायला नको होतं, हे मला बोलून झाल्यावर कळलं. सुधा खाली बसली आणि आऱ्यांतले मणी एकेक काढून पदरात घ्यायला लागली.

"जाऊन आली मी आंजीले," ती म्हणाली. "सगळे भेटले. कांतावहिनीनं आग्रह करकरून वाढलं. पण बाबांसंग गेल्यासारखं नाई वाटलं."

मला फार वाईट वाटलं. मी तिच्याजवळ बसलो आणि मणी काढायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला केला. "तुमी नका लावू हात. कशालेच."

दुसऱ्या दिवशी गुलाबने गाड्यावरच्या दुसऱ्या चाकाचं वेल्डिंग कापलं आणि दोन्ही चाकं, फ्रेम आणि मणी घेऊन गेला. "रिम सरळ करतो वहिनी, हब नवा टाकतो, मणी जसेच्या तसे बसवून देतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुमी फक्त एक काम करा भाऊ. दुकानात येऊ नका." त्याने दिवाळीपर्यंतचा वायदा केला आहे.

तिघींना मात्र आता चटक लागली आहे. आज रविवार, आज त्या जाम गावाला निघाल्या, तिथल्या ढाब्यावर नाश्ता करायला! सुधा माझ्या सायकलीवर, माझं हेल्मेट घालून. गिअर ती माझ्यापेक्षा बरे टाकते, हे मी फक्त तुम्हाला सांगतो.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"कायवर?"

खरंच की! घरात आता दुसरी सायकल नव्हती. "मग मी काय करू?"

सुधाने एका पायावर सायकल थांबवली. "ते सूचना कोणं लिहिली होती? जुनं, बिनकामाचं सामान कुठं ठेवा म्हणून?"

"मी. ओट्यावर."

"मंग बसा ओट्यावर!"

मी बसलो आहे. मघाशी बाबाराव येऊन उभे राहिले, मला खालीवर पाहिलं आणि न्यायचा विचार न करता पुढे निघून गेले.