इस्त्रीवाल्याने सासूबाईंचा व्हिडिओ उजळला

"आण तो फोन इकडे! आईंचा व्हिडिओ असा चकचकीत करून देतो की बाबा बघतच राहतील!"

इस्त्रीवाल्याने बायकोला हे वचन दिलं तेव्हा त्याच्या तोंडात टूथब्रश होता, तरी शब्द न् शब्द तिला स्पष्ट कळला. कळला नसता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नशीब म्हणतात ते हेच!

हा इस्त्रीवाला कपड्यांचा नव्हे, चेहऱ्यांचा. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून तो लोकांच्या सुरकुत्या सपाट करायचा, दोन हनुवट्यांची एक करायचा आणि टकलावर केसांचं पीक काढायचा. स्टुडिओच्या मालकांचा त्याला एकच कडक नियम होता: काम झालं की मूळ फोटो उडवायचा! तो राहिला की गिऱ्हाईक दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघतं. एकदा एका बाईंनी तसं बघितलं आणि "म्हणजे मी खरी अशी दिसते?" म्हणून त्या काउंटरसमोरच्या खुर्चीत ज्या बसल्या त्या उठेचनात. तेव्हापासून काम संपलं की इस्त्रीवाल्याचं बोट आपोआप मूळ फोटो पुसायचं आणि वर कचरापेटीही रिकामी करायचं. झोपेत सांगितलं असतं तरी त्याने हे केलं असतं.

सासूबाई गेल्या आणि सासरे लेकीकडे राहायला आले. येताना त्यांनी दोन बॅगा आणल्या आणि एक वाईट सवय: ओला टॉवेल पलंगावर टाकायची. सासूबाईंचा म्हणून जो एकमेव व्हिडिओ होता, तोही याच टॉवेलपायी झालेला. सासरे नवा फोन चाचपत होते, चुकून बटण दाबलं गेलं, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सासूबाई कडाडल्या, "अहो, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर? किती वेळा सांगायचं? आणि त्या फोनशी काय खेळताय?" त्यावर सासरे म्हणाले, "हं." संपला व्हिडिओ. सासरे तो रोज जेवणानंतर लावायचे. रोज बोलणी खायचे आणि मग शांतपणे आडवे व्हायचे.

व्हिडिओ अंधारलेला होता, पंखा घरघरत होता, कुकर मध्येच शिट्टी मारत होता. म्हणून सासऱ्यांच्या वाढदिवसाला तो उजळून द्यायचा, असा बेत ठरला.

इस्त्रीवाल्याने फोन स्टुडिओत नेला आणि व्हिडिओ इंटरनेटवरच्या एका साइटवर चढवला. साइट मोठी अगत्याची! उजेड वाढवू? वाढव. चेहरा खुलवू? खुलव बाई. मागचा गोंगाट काढून टाकू? अगं, विचारतेस काय, काढ! व्हिडिओ तयार होऊन आला. इस्त्रीवाल्याने तो डोळे भरून पाहिला. आवाज मात्र लावून बघितला नाही. जन्मभर फोटोंत बुडालेला माणूस, त्याला कान असतात हे आठवणार कसं? सासूबाई झळाळत होत्या. तो खूश झाला आणि त्याच्या बोटाने फोनमधला मूळ व्हिडिओ उडवून कचरापेटी रिकामी केली.

वाढदिवसाला व्हिडिओ टीव्हीवर लावला. सासरे नवा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बसले. पडद्यावर सासूबाई आल्या. एकही सुरकुती नाही, कपाळावरची आठी गायब, वय लेकीहून कमी! त्यांनी तोंड उघडलं. हात हलले, ओठ हलले, डोळे वटारले गेले. आवाज नाही! चिडीचूप! आणि मग अगदी कानात बोलल्यासारखं, स्वच्छ, घोटीव ऐकू आलं:

"हं."

फोन सासऱ्यांच्या हातात होता ना! जवळ बोलतो तो माणूस आणि लांबून ओरडतो तो गोंगाट, असा हिशोब करून त्या साइटने पंखा, कुकर आणि सासूबाई एकाच झाडूने काढल्या होत्या.

"आवाज वाढव," बायको म्हणाली.

त्याने वाढवला. "हं" मोठा झाला.

"मूळ व्हिडिओ लाव."

इस्त्रीवाला रिमोटची बटणं उगाच दाबू लागला. "तो... म्हणजे... आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"कसली पद्धत?"

त्याने सांगितलं. बायको ताडकन उठली. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दाराआडून तिचं रडणं ऐकू येत राहिलं.

फोन दुरुस्तीवाल्याने फोन उलटासुलटा केला, तारा जोडल्या, आशा दाखवली, मग काढून घेतली. "कचरापेटी कोणी रिकामी केली?" त्याने विचारलं.

"मीच."

"कशाला?"

"सवय," इस्त्रीवाला म्हणाला. भर दुकानात त्याला हुंदका फुटला.

घरी सासरे त्याची वाटच बघत होते. "जावईबापू, बसा. मी व्हिडिओ लावतो. तिचे ओठ हलतील तसं तुम्ही बोला."

"मी?"

"मग कोण? तुम्हीच गप्प केलंत तिला!"

झालं! रोज जेवणानंतर इस्त्रीवाला टीव्हीशेजारी स्टुलावर बसून सासूबाई होऊ लागला. "अहो, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर?"

"विनंती नका करू," सासरे म्हणायचे. "ती विनंती करत नसे."

"किती वेळा सांगायचं!"

"राग कमी पडतोय. तिला खरंच राग यायचा हो."

शरमेने मेलेल्या माणसाला राग आणायचा कुठून? तो घसा खरवडायचा, मान खाली घालायचा, पुन्हा बोलायचा. सासरे "हं" म्हणायचेच नाहीत. नुसते उठून जायचे. बायको कामापुरतं बोलायची, तेही भिंतीकडे बघून.

मग एका सकाळी इस्त्रीवाल्याला कामावर जायला उशीर झाला होता. पलंगावर त्याचा कडक शर्ट पसरलेला, आणि त्या शर्टावर थबथबलेला टॉवेल! त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर? किती वेळा सांगायचं?"

"हं! आलो, आलो! उचलतो!"

गच्चीकडून चपला फटफटत आल्या. सासरे धावत दारात पोचले. केस विस्कटलेले, चष्मा हातात, आणि चेहरा असा खुललेला की तसा इस्त्रीवाल्याला उभ्या आयुष्यात कुणाचा खुलवता आला नव्हता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अच्छा," ते म्हणाले. "तुम्ही होय."

त्यांनी टॉवेल उचलला, बाहेर नेला आणि दोरीवर नीट पसरून वाळत घातला. इस्त्रीवाला ओला शर्ट हातात धरून मागे उभा होता.

"आज अगदी तिच्यासारखं जमलं, जावईबापू," सासरे त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आता उद्यापासून नको."